किड्यासाठी वेगळा कॅमेरा

"श्वास रोखून बघ. तिच्यावर फुंकर घालू नकोस," इंगवले सर म्हणाले.

मी गुडघे टेकून सरांच्या परसातल्या चांदाड्याच्या झाडाच्या पानाखाली डोकं घातलं. पानाच्या मागच्या बाजूला नखाएवढा तांबडा किडा बसला होता, अंगावर काळे ठिपके. पोटाखाली राजगिऱ्याच्या दाण्यांएवढ्या अंड्यांचा गठ्ठा. सर त्याला ढालकिडा म्हणत, आणि या एकीला 'बाई' म्हणत.

"चार दिवस झाले, बाई हललेली नाही इथून. खात नाही, पीत नाही. अंडी फुटेपर्यंत बसणार, पिल्लं निघाली की आणखी थोडे दिवस बसणार. दोनेक आठवडे धर."

सर आजऱ्याच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांचा विद्यार्थी, पण बारावीपुरता. पुढे मी भौतिकशास्त्राकडे वळलो आणि गडहिंग्लजला मास्तर झालो. किड्यांचं वेड मला लागलं ते चाळिशीनंतर, कॅमेऱ्यामुळे. म्हणजे खरं सांगायचं तर वेड कॅमेऱ्याचंच होतं. किडे आपले समोर असायचे म्हणून.

"भरतेश, उजवा डोळा माझा गेला," सर म्हणाले. मला वाटलं चष्म्याबद्दल बोलताहेत. "मिरजेला दाखवून आलो. मधलं सगळं काळं दिसतं, कडेकडेचं तेवढं कळतं. डाव्यालाही सुरुवात झालीय. किती दिवस साथ देईल ते डॉक्टरलाही सांगता येत नाही."

मी काही तरी 'होईल बरं' असं पुटपुटलो असेन.

"पुस्तकात वाचलंय, की मुंगी आली की ही अंग तिरकं करून आडवी होते, आणि अधूनमधून अंड्यांवरून मिशा फिरवते. चाळीस वर्षं मी हिच्या जातीच्या बायकांना टाचण्या टोचून पेटीत लावलं. शेजारी बसून एकदाही बघितलं नाही. आता बसतो, तर दिसत नाही. तू मोठं करून टीव्हीवर दाखव. डाव्या डोळ्यात उजेड आहे तोवर."

काकू पायरीवर उभ्या होत्या. किड्यांची त्यांना शिसारी, त्यामुळे झाडापाशी येत नसत. त्या म्हणाल्या, "तेवढं कर बाबा. दिवसभर त्या पानाखाली वाकून बसतात. पाठ धरली तर मलाच शेकावी लागते."

मी म्हटलं, "सर, हे माझ्याकडे लागलं."

त्या दिवशी माझ्याकडे जुना कॅमेरा होता आणि बारीक वस्तू जवळून मोठी टिपणारी चांगली मॅक्रो लेन्स होती. दहा-बारा फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिले, तर प्रत्येक फोटोत मिशा हललेल्या. पाय बरे आले होते, पाठ बरी आली होती, मिशांच्या जागी नुसता धूर. मी ते सगळे पुसून टाकले. सरांच्या टीव्हीवर असले फोटो दाखवायचे म्हणजे अब्रूचा प्रश्न. आणि निष्कर्ष काढला की, जुन्या कॅमेऱ्याचा शटर हादरतो.

इथून पुढचे सोळा दिवस मी जे केलं त्याला शास्त्रीय पद्धत म्हणतात, असा माझा समज होता.

आधी ठरवलं, लग्नं-मुंजी, सहली, पोराचं स्नेहसंमेलन यांच्यासाठी एक कॅमेरा आणि किड्यांसाठी वेगळा, फक्त मॅक्रोचा. मग आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. डावीकडे नऊ कॅमेऱ्यांची नावं, वर चौदा निकष. सेन्सरला वीस गुण. शटरच्या हादऱ्याला पंधरा. मागचा पडदा किती वळतो याला पंधरा, कारण पानाखाली आडवं पडून बघायचं तर मान मोडते. वजनाला पाच. मोठा सेन्सर घ्यावा की लहान, यावर मी इंटरनेटवरच्या तीन मंडळींशी वाद घातला. लहान सेन्सरमध्ये किडा फोटोभर मोठा मिळतो, मोठ्यात उजेड जास्त मिळतो. दोन्ही बाजू मला पटत होत्या. एका बाजूने वाद जिंकला की मी स्वतःच दुसऱ्या बाजूला जायचो.

सरांचा फोन रोज सकाळी साडेसातला. "बसलीये अजून," एवढंच म्हणायचे. मी म्हणायचो, "सर, आज-उद्यात निर्णय होतो."

"होऊ दे, सावकाश होऊ दे. चांगला घे," ते म्हणायचे.

पाचव्या दिवशी निकाल लागला. पहिला साडेएक्याऐंशी गुण, दुसरा एक्याऐंशी. अर्ध्या गुणाच्या फरकावर एवढा मोठा निर्णय घ्यायला माझं मन धजेना. मी पुनर्मूल्यांकन केलं. त्यात पहिला तिसरा झाला.

माझी बायको पद्मजा भाजी निवडता निवडता ते बघत होती. म्हणाली, "एकाला दोन-चार ग्रेस मार्क द्या आणि पास करा."

"चेष्टा नको. यात तत्त्वाचा प्रश्न आहे."

"सरांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे असं तुम्हीच सांगत होता. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि नेऊन दाखवा की. टीव्हीला लागतोय आपला मोबाईल."

मी हसलो. हसलो म्हणजे अगदी मनापासून हसलो. तिला समजावून सांगितलं, की मोबाईलच्या सेन्सरचा आकार केवढा, किड्याच्या डोळ्यातली एकेक जाळी सुटी दिसायला काय लागतं. तिने मेथीची जुडी उचलली आणि आत निघून गेली. आज नऊ वर्षं झाली, ते हसू आठवलं की मला कानशिलं तापल्यासारखी वाटतात.

आठव्या दिवशी रजा टाकून कोल्हापूरला गेलो. मुनीर बागवान म्हणून एक भाई आहेत, कॅमेरे विकतात आणि त्याहून चांगले दुरुस्त करतात. त्यांनी माझा तक्ता चष्मा लावून, नीट घडी उलगडून वाचला.

"सर, हे लई भारी केलंय तुम्ही. पण मॅक्रोला बॉडी कुठलीबी चालती. लेन्स बघायची, लाईट बघायची, आन् आपलं गुडघं किती येळ टिकत्यात ते बघायचं. जुन्या बॉडीला काय झालंय?"

"शटर हादरतोय. मिशा हललेल्या येतायत."

"पाय?"

"पाय बरोबर."

"मग शटर कसला हादरतोय? शटर हादरला तर सगळंच हादरंल. मिशा किडा हलवतोय सर. जित्ता हाय न्हवं?"

भौतिकशास्त्राच्या मास्तराला हे कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याने शिकवावं, हे मला रुचलं नाही. मी म्हटलं, "भाई, तुम्ही तक्त्यातला तो तीन नंबरचा मागवून द्या."

तीन नंबरचा त्यांच्याकडे नव्हता. मुंबईहून यायला चार दिवस लागले. आला, तर पडदा वर वळायचा, बाजूला वळत नव्हता. मी तो परत केला. मुनीरभाईंनी खोक्याला परत चिकटपट्टी लावली. दुसरा मागवला, तो पंधराव्या दिवशी हातात पडला. त्या दिवशी मी इतका आनंदात होतो की, एसटीत शेजारच्या माणसालाही त्यातलं बटण दाबून दाखवलं. हा कॅमेरा फोकस थोडा थोडा पुढे सरकवत आपोआप चाळीस फोटो काढायचा. मग ते एकावर एक जोडले की, किडा मिशीपासून शेपटापर्यंत स्पष्ट. अट एकच, चाळीस फोटो होईपर्यंत किड्याने हलायचं नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. "बसलीये अजून."

"निघालोच सर."

दार काकूंनी उघडलं. सर आतल्या खोलीत पडून होते. मी पिशवी ठेवत विचारलं, "बरं नाही का?"

काकू आवाज खाली करून म्हणाल्या, "परवापासून डावाही गेल्यात जमा आहे. आत रक्त उतरलंय म्हणतात. मिरजेला नेऊन सुई दिली. बघायचं आता."

"मला कळवायचं ना काकू."

"मी म्हणत होते. नको म्हणाले. घाईघाईत भलताच कॅमेरा घेईल म्हणाले."

तेवढ्यात सरांची हाक आली, "आला का रे? जा, आधी ते कर. ऊन आहे तोवर कर." आणि मी गेलो.

तीन तास मी त्या पानाखाली उताणा होतो. वारा पडलेला, ऊन मऊ. पानाच्या देठाला कपड्याचा चिमटा लावला. कॅमेऱ्याचा पडदा बाजूला वळवला, मान अजिबात दुखली नाही. पहिल्याच खेपेला चाळीसच्या चाळीस फोटो स्वच्छ. पुन्हा चाळीस. कोन बदलून पुन्हा. मिशीचं टोकसुद्धा इकडचं तिकडे नाही. मी मनातल्या मनात मुनीरभाईंना म्हटलं, बघा, म्हणे किडा हलतोय. काही छायाचित्रकार किडे फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात आणि मग फोटो काढतात, मला ते कधीच पटलेलं नाही. आम्ही जैन माणसं, मुंगीवरून पाय उचलून नेणारी. कुठल्याही जिवाला न दुखवता असा फोटो मिळाला याचा मला अभिमान वाटला.

घरी दोन दिवस जोडाजोडी केली. एकच खोट निघाली. बाईच्या डोळ्याजवळ बारीक पांढरी तार दिसत होती. नव्या कोऱ्या कॅमेऱ्यात धूळ. मी तावातावाने मुनीरभाईंना फोन लावला.

"सर, सेन्सरची धूळ असली तर सगळ्या फोटोंत एकाच जागी दिसती. तुमची कोपऱ्यात हाय का मधी हाय?"

"एका जागी नाही. कोन बदलला की तीही बदलते. डोळ्यापाशीच राहते."

"मग ती किड्याची हाय सर. कॅमेऱ्याची न्हवं."

मी ती तार कॉम्प्युटरवर हलक्या हाताने पुसून टाकली. फोटो इतका सुंदर झाला की, कोल्हापूरच्या एका छायाचित्र स्पर्धेची शेवटची तारीख होती म्हणून लगेच पाठवूनही दिला. शीर्षक 'आई'. खाली, 'छायाचित्रण करताना कोणत्याही जिवाला इजा केलेली नाही.' सरांना अजून दाखवलेला नव्हता.

रविवारी तो टीव्हीवर लावला. काकूंनी सरांना हात धरून आणून खुर्चीवर बसवलं, अगदी पडद्यापासून दोन हातांवर. सरांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. डोळ्याच्या कडेने काही सापडतंय का ते बघत होते.

"नाही रे," ते म्हणाले. "तांबडं काही तरी आहे. तू सांग."

"सर, एकदम स्पष्ट आलाय. डोळ्यातली जाळीन्‌जाळी सुटी दिसतेय. पाठीवरचे खड्डेसुद्धा मोजता येतील."

"ते राहू दे. ती काय करतेय?"

मी पडद्याकडे पाहिलं. त्या फोटोकडे मी दोन दिवस पाहत होतो, पण ती काय करतेय हे मी पाहिलं नव्हतं.

"बसलीये सर."

"पुढचे पाय कुठे आहेत? पानावर की अंड्यांवर?"

"अंड्यांवर."

"अंडी कशी आहेत?"

"छान आहेत. प्रत्येकावर गोल नक्षी आहे, एकसारखी."

"नक्षी?" सर थांबले. "जवळ जाऊन बघ. नक्षी आहे की भोक आहे?"

मी टीव्हीजवळ गेलो. भोक होतं. प्रत्येक अंड्याचं टोपण गोल कापल्यासारखं उघडं होतं. आत काही नव्हतं. "उघडी आहेत सर. सगळी."

"म्हणजे पिल्लं निघून गेली. आणि ही बसलीये?" त्यांनी तळहात गुडघ्यावर घासला. "किती फोटोंचा हा एक केलास म्हणालास?"

"चाळीस. असे सहा वेळा."

"आणि हलली नाही?"

"अजिबात नाही. मिशीचं टोकही नाही," मी म्हणालो, आणि लाज वाटते सांगायला, अजूनही माझ्या आवाजात कौतुक होतं.

काकूंनी आणलेला चहा तसाच राहिला.

"अंगावर काही पांढरं दिसलं का? दोऱ्यासारखं?"

"डोळ्याजवळ एक तार होती. काढून टाकली मी."

"कुठून?"

"फोटोतून."

"बुरशी ती," सर म्हणाले. "पावसाळ्यात धरते. किडा मरतो, पाय तसेच पानाला घट्ट राहतात. जिवंत असताना ती मिशा दहा सेकंद एका जागी ठेवत नाही रे."

टीव्हीवर बाई दीड हाताची झाली होती. आता बघितलं तर कुणालाही कळलं असतं. पोट आत गेलेलं, डोळ्यावर सायीसारखा थर. मला रडू फुटलं आणि ते मला थांबवता येईना. एवढा मोठा माणूस, दोन पोरांचा बाप, सरांच्या बैठकीत नाक पुसत उभा.

"चूक झाली सर. पहिल्या दिवशी जे काढले त्यात मिशा हलत होत्या. खराब म्हणून पुसले मी ते."

"पुसलेस?" त्यांचा चेहरा एकदम पडला. मग हळूच म्हणाले, "माझंही तेच झालं. रोज सकाळी मला तांबडा ठिपका दिसायचा, आणि मी तुला फोन करायचो. कुठल्या दिवसापासून ती मेलेली होती कुणास ठाऊक. तू म्हणत होतास उद्या, मला वाटायचं ती आहे, होईल सावकाश."

काकूंनी टीव्ही बंद केला.

डिसेंबरात स्पर्धेचा निकाल आला. पहिला क्रमांक, 'आई'. मी आजऱ्याला जाऊन सरांना सांगितलं की, फोटो मागे घेतो. ते म्हणाले, "आता कशाला? त्यापेक्षा तिथे जाऊन खरं काय ते सांग. चार पोरं कॅमेरे घेऊन हिंडतात, त्यांना तरी कळेल. मी येतो ऐकायला."

आले खरेच. काकूंचा हात धरून, इस्त्रीचा सदरा घालून, माझ्या शेजारी दुसऱ्या रांगेत बसले. माझ्या खिशात बोलायचं सगळं कागदावर लिहिलेलं होतं. पद्मजाने दोनदा ऐकून घेतलं होतं, चुका काढल्या होत्या. परीक्षक माईकवर म्हणाले, "या चित्रातला जिवंतपणा बघा. आत्ता हलेल असं वाटतं." सरांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "जा," ते म्हणाले.

मी स्टेजवर गेलो. ढाल घेतली, खिशातला कागद काढला. परीक्षकांनी माईक माझ्यापुढे धरला आणि हसून विचारलं, "सर, आधी एक सांगा, आमच्या तरुण मित्रांना उत्सुकता आहे. कॅमेरा कुठला वापरलात?"

आणि मी सांगितलं. मॉडेलच्या नंबरासकट सांगितलं. शटर हादरत नाही, पडदा बाजूला वळतो, चाळीस फोटो आपोआप निघतात, मोठ्या सेन्सरपेक्षा लहान का बरा, तिसऱ्या क्रमांकाचा का परत केला, सगळं सांगितलं. पाच मिनिटं तरी बोललो असेन. पोरं मोबाईलवर लिहून घेत होती. कुणी तरी नंबर पुन्हा विचारला, तोही सांगितला. मग टाळ्या झाल्या आणि पुढच्या विजेत्याचं नाव पुकारलं. पायऱ्या उतरताना लक्षात आलं की, कागद अजून घडी घातलेलाच हातात आहे.

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. सर टाळ्या वाजवत होते, स्टेजच्या जरा डावीकडे तोंड करून, बाकीच्यांच्या थांबल्यानंतरही थोडा वेळ.